निकालाआधी हजेरीपट वाचा

(नेवासा तालुक्यातील एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेच्या पालकसभेपुढे एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आजच्या सभेचा विषय एका ओळीचा आहे : 'आपल्या शाळेची गुणवत्ता का घसरली?' ही ओळ आम्हा शिक्षकांची नव्हे. गावातल्या काही शहाण्या मंडळींनी ती लिहून पाठविली आहे. मास्तरांना सभेपुढे उभे करावे, चार शब्द सुनवावेत आणि उरलेल्या मुलांचेही दाखले काढून न्यावेत, असा बेत दिसतो. सभेला आमची हरकत नाही. शाळा रयतेच्या पैशावर चालते, तेव्हा रयतेने जाब विचारलाच पाहिजे. आणि नेवासा तालुक्यात तर हे कोणी शिकवायला नको. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली हाती घेतलेला 'दीनमित्र' ह्याच तालुक्यातल्या तरवडीसारख्या आडगावाहून वर्षानुवर्षे निघत होता. सरकार असो, सावकार असो की भटजी असो, कुणब्याने त्याच्याकडे हिशेब मागावा, हाच त्या पत्राचा धंदा होता.

पण हिशेब मागायचा तर पुरा मागावा. शाळेत दोन तऱ्हेची पुस्तके असतात. एक निकालपत्रक. ते सगळे पाहतात, कारण त्यात आकडा असतो आणि आकडा चावडीवर बोलायला सोपा पडतो. दुसरे जनरल रजिस्टर व त्याच्या जोडीचा हजेरीपट. ही बिचारी कपाटात असतात आणि तपासणीच्या दिवशी साहेबांच्या सहीपुरती बाहेर येतात. आमचे म्हणणे असे की, दुसरे पुस्तक वाचल्यावाचून पहिल्याचा अर्थ लागत नाही. मुळेच्या कालव्याखालच्या काळ्या रानातला ऊस आणि माळावरची कोरडवाहू बाजरी ह्यांचे उतारे एका कागदावर मांडून जो कोणी एका शेतकऱ्याला हुशार व दुसऱ्याला नालायक ठरवील, त्याला आपण काय म्हणाल? तुम्ही आधी पाणी विचारता, मग पेरणीची तारीख विचारता, मग बोलता. शाळेच्या बाबतीत मात्र तीच मंडळी नुसता उतारा विचारतात!

जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, आईचे नाव, जात, जन्मतारीख, कोठून आला, केव्हा गेला आणि शेवटी 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. तो रकाना जरा वाचून पाहा. ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्याचा मुलगा पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत गेला, तेथे लिहिले आहे 'पालकांच्या विनंतीवरून'. ज्याने मुकादमाची उचल घेतली त्याची मुलगी तिसरीतून निघून फडावर गेली, तेथेही 'पालकांच्या विनंतीवरून'. शाई एक, अक्षर एक, आणि दोन मुलांच्या नशिबात जमीनअस्मानाचा फरक!

काही सुधारक म्हणतात, जातीचा रकाना काढून टाका म्हणजे जात जाईल. आमचा अनुभव निराळा आहे. रकाना काढल्याने जात जात नाही, हिशेब तेवढा जातो. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणखात्याच्या खर्चावर बोलले तेव्हा त्यांच्या हातात हाच हिशेब होता. त्या वेळी मुंबई सरकार लोकांचे चार वर्ग करी : पुढारलेले हिंदू, मुसलमान, मराठे व तत्सम जातींचा मधला वर्ग, आणि अस्पृश्य, डोंगरी वगैरे मागासलेला वर्ग. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंची मुले ११९, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८ आणि मागासलेल्यांची अवघी १८! लोकसंख्येत मधला वर्ग पहिला आणि मागासलेला दुसरा, शाळेत मात्र त्यांचे नंबर तिसरा आणि चौथा. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हेही त्यांनी त्याच भाषणात दाखविले. हा हिशेब जातवार नसता तर शिक्षणखात्याने काय सांगितले असते? शाळा वाढल्या, मुले वाढली, सर्वत्र आनंदीआनंद आहे!

त्यातला ३८ चा आकडा आपल्यापैकी पुष्कळांनी मनात धरून ठेवावा. आज ज्यांना आपण बागायतदार, संचालक, चेअरमन म्हणतो त्यांचे आजेपणजे त्या आकड्यात आहेत. हजारातली ३८ मुले शाळेत आणि बाकीची गुरांमागे. त्यांना ओढून आणण्यासाठी कोणी काय केले तेही थोडक्यात सांगतो. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन ठेवले. इलाख्यातल्या जवळजवळ नऊ-दशांश खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, सरकारी तिजोरी भरतो शेतकरी आणि शिकतात वरचे वर्ग, हे त्यांनी स्पष्ट मांडले. बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. मास्तर शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, म्हणजे तो लोकांत मिसळेल, त्यांची गरज ओळखील आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरील, असेही त्यांनी लिहिले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली शिक्षण सक्तीचे व मोफत करून दाखविले. १९१९ पासून भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली. आपल्याच तालुक्यात वडाळ्याला अमेरिकन मिशनने खेडोपाडी महारामांगांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या. त्यांचा धर्म कोणाला पटो न पटो, पाटी पहिल्यांदा त्यांनी हातात दिली हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. त्यानंतर लोकल बोर्डाच्या शाळा आल्या, १९६२ साली त्या जिल्हा परिषदेकडे गेल्या, आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलास मोफत शिक्षण हा कायद्याने हक्क झाला.

एवढे सगळे झाल्यावर, सज्जनहो, आजचा हजेरीपट काय सांगतो? ज्यांच्यासाठी ह्या शाळा मागितल्या त्यांच्यातला वर चढलेला भाग शाळेतून उठून गेला आहे. पाटलाच्या, बागायतदाराच्या, नोकरदाराच्या घरची मुले पटावर औषधाला सापडतात. उरली ती भूमिहीनांची, सालगड्यांची, बौद्धवाड्यातली, मांगवाड्यातली, भिल्लवस्तीवरची. वडार, कैकाडी आणि मुसलमान मजुरांची. धनगराची आणि अडीच एकरवाल्या मराठ्याचीही. तक्रार करण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. ह्या मुलांची शाळा म्हणजे आमची शाळा, आणि ती आमच्या हाती आहेत ह्याचा आम्हास अभिमान आहे. पण जो गेला तोच वेशीत उभा राहून म्हणतो, 'झेडपीच्या शाळेत आता काही राहिले नाही', तेव्हा त्याला विचारावेसे वाटते की, बाबा, राहिले नाही ते काय? तूच ना?

आणि हे जाणे सरकारी कारभाराने फार जड जाऊ दिलेले नाही. खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना द्याव्यात, असे २००९ चा कायदा सांगतो. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला आणि ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला ह्या जागांतून मोकळे केले. म्हणजे श्रीमंताची शाळा श्रीमंतास आणि गरिबाची गरिबास! १९ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या हायकोर्टाने तो नियम रद्द केला, हे बरे झाले. पण बहुजनांच्या मतांवर निवडून आलेल्यांना तो सुचला, हे विसरता येत नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

आता घसरणीच्या आकड्याकडे येतो. एक हिशेब फळ्यावर मांडतो. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, कोणत्याही शाळेचे नाहीत. समजा, एका शाळेत साठ मुले आहेत. तीस सुखवस्तू घरांतली, तीस मजुरांची. सुखवस्तूंपैकी चोवीस मुले धडा नीट वाचतात, मजुरांपैकी बारा वाचतात. एकूण छत्तीस, म्हणजे शेकडा साठ. पुढे चार वर्षांत सुखवस्तूंची वीस मुले गाडीत बसून गेली, दहा राहिली. मास्तरांनी मेहनत केली. राहिलेल्या दहांपैकी नऊ वाचू लागली. आधी शेकडा ऐंशी होती ती नव्वद झाली. मजुरांच्या तीसपैकी बारा वाचत होती, आता चौदा वाचतात, तीही वाढली. दोन्ही गटांत शाळा पुढे गेली. एकूण किती? चाळीसांत तेवीस. शेकडा साडेसत्तावन्न! साठावरून साडेसत्तावन्न, म्हणजे शाळा घसरली असा डांगोरा पिटायला मंडळी मोकळी. कोणत्याही मुलाचे वाचन मागे गेलेले नाही, मास्तर झोपलेला नाही, तरी आकडा खाली आला; कारण पटावरची माणसे बदलली.

जी वीस मुले गेली त्यांचा निकाल नव्या शाळेत चांगला लागतो आणि त्या शाळेच्या जाहिरातीत छापून येतो. घरी शिकलेली आई, सायंकाळी शिकवणी, वेळेवर जेवण, हे सारे त्या निकालात असते. जाहिरातीत मात्र इमारतीचा फोटो असतो.

येथवर ऐकून आमचे काही बंधुशिक्षक खूष झाले असतील. त्यांच्यासाठी पुढचे चार शब्द. हजेरीपट ही ढाल नव्हे. 'ही अशाच घरची मुले, ह्यांच्या डोक्यात कितीही ओता, शिरायचे नाही,' हे वाक्य आम्ही शिक्षकांच्या खोलीत ऐकलेले आहे. हे शिक्षणशास्त्र नव्हे, जुनी मनुस्मृती नव्या तोंडाने बोलते आहे. शंभर वर्षांपूर्वी भटमास्तर कुणब्याच्या पोराला म्हणत असे की, तुला कशाला हवी विद्या, जा नांगर धर. आज कुणब्याचा मुलगा मास्तर झाला आणि भिल्लाच्या पोराला तेच म्हणू लागला, तर फुल्यांनी मास्तर शेतकऱ्यांतून घ्या म्हणून सांगितले ते फुकटच गेले म्हणायचे. दुसरे असे की, स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालून दुसऱ्याच्या दारी पटनोंदणीला जाणाऱ्या मास्तरावर कोणी विश्वास का ठेवावा? ज्या हलवायाची पोरे दुसऱ्याच्या दुकानातली मिठाई खातात त्याच्याकडे गिऱ्हाईक किती दिवस येईल?

आणि मुले शिकत नाहीत हेही अगदीच खोटे नाही. 'असर' नावाची पाहणी देशभरच्या खेड्यांत घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावते. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकणारी २०१८ साली सुमारे एकवीस होती; टाळेबंदीनंतर २०२२ साली ती सोळावर आली, आणि २०२४ साली तेवीसवर गेली. चढली, ही आनंदाची गोष्ट. पण शंभरात तेवीस ह्या आकड्यावर कोणत्याही मास्तराने मिशा पिळू नयेत. आम्हीही पिळत नाही. टाळेबंदीत खाजगी शाळांची फी परवडेना म्हणून पुष्कळ मुले सरकारी शाळेत परत आली होती. देशभर सहा ते चौदा वयाच्या मुलांत हा वाटा २०१८ साली शेकडा साडेपासष्टच्या आसपास होता, तो २०२२ साली जवळजवळ त्र्याहत्तर झाला आणि २०२४ साली पुन्हा सदुसष्टच्या घरात आला. आली तशी गेली. गरज होती तेव्हा शाळा चालली.

आता ज्या मुलांविषयी आम्हास आज मुख्यतः बोलायचे आहे त्यांच्याकडे वळतो, कारण त्यांचे नाव निकालात नाही आणि पुष्कळदा पटावरही नाही. आपल्या तालुक्यात सोनई आणि भेंडे येथे साखर कारखाने आहेत. दिवाळी झाली की बीडकडून, पाथर्डीकडून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पहाटे अंधारात फड गाठायचा, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. कोपीत मागे राहते ती नऊदहा वर्षांची थोरली पोर आणि तिच्या कडेवर तान्हे. थोडे मोठे पोर वाढे गोळा करते, बैल सांभाळते. पाडव्याच्या आगेमागे पट्टा पडतो, म्हणजे आमचे दुसरे सत्र सबंध संपते. पहिली ते पाचवीला वर्षात दोनशे दिवस शाळा भरली पाहिजे असे कायदा म्हणतो. ह्या मुलाच्या वाट्याला त्यातले निम्मे येतात, आणि तेही पावसाळ्यातले.

त्या मुलाचा निकाल कोणत्या शाळेचा धरावा? त्याच्या गावचा मास्तर म्हणतो, मुलगा स्थलांतरित आहे, माझ्या हातात नाही. कारखान्याजवळचा मास्तर म्हणतो, हा माझ्या गावचा नाही, माझ्या पटावर कशाला? दोन्ही निकालपत्रके स्वच्छ, आणि मूल दोहोंच्या मधल्या खाचेत. गावच्या शाळेने जाणाऱ्या मुलास शिक्षण हमी कार्ड द्यावे, येणाऱ्या शाळेने ते पाहून वर्गात बसवावे, अशी सोय आहे. मुलांना गावीच ठेवून जेवूघालून शिकविण्यासाठी हंगामी वसतिगृहेही निघाली. २०२१ साली सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांकरिता एकेचाळीस तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ब्याऐंशी वसतिगृहे काढण्याची योजना मंजूर केली. कागद चांगले आहेत. पण ज्या आईबापांस कार्ड म्हणजे काय हेच कोणी सांगितले नाही, त्यांनी ते कोणाकडे मागावे?

कोणी म्हणेल, दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलांचे ओझे आमच्या शाळेने का घ्यावे? त्याला कायद्याचे उत्तर असे की, वर्षात केव्हाही आलेल्या मुलास प्रवेश नाकारता येत नाही. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, ही सबब चालत नाही. त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवून मागे राहिलेले वेगळे शिकविले पाहिजे. आणि कायद्याखेरीज दुसरे उत्तर असे की, आपल्या बांधावर जो ऊस उभा आहे तो त्यांच्या आईबापांनी तोडल्याशिवाय गव्हाणीत पडत नाही. उसाच्या बिलावर ज्यांची पोरे इंग्रजी शाळेची फी भरतात त्यांनी तरी कोपीतल्या पोराला परके म्हणू नये.

मुलींविषयी थोडेच बोलतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे गप्प आहेत. एकाच घरातला मुलगा गाडीने जातो आणि त्याची सख्खी बहीण आमच्या शाळेत चालत येते, अशी घरे ह्या तालुक्यात आहेत. बाप सांगतो, दोघांची फी झेपत नाही. मग झेपते ती कोणाची, हे कोणी ठरविले? सावित्रीबाईंनी ज्या काळात शेणाचे गोळे झेलून मुली शाळेत आणल्या, त्या काळच्या बापालाही खर्च झेपत नव्हता. आम्ही मात्र ह्या मुलींना आनंदाने घेतो, आणि भावाच्या शाळेतल्या गुणपत्रिकेशी त्यांची गुणपत्रिका एकदा घरी शेजारी ठेवून पाहा, एवढेच सुचवितो.

इंग्रजीचा मोह आम्हास कळतो. इंग्रजी हे वाघिणीचे दूध आहे असे म्हणतात, आणि बहुजनांच्या पोरांनी ते पिऊच नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. सरकारी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. पण घरी भिल्ली किंवा वऱ्हांड्यातली मराठी बोलणाऱ्या मुलास पहिल्याच दिवशी परकी अक्षरे पाठ करायला लावणे म्हणजे पोहायला शिकविण्याआधी संगमात ढकलणे. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ संस्कृतातून काढून मराठीत सांगितला गेला, आणि तोही ब्राह्मणांनी वाळीत टाकलेल्या एका संन्याशाच्या पोराकडून, त्याच नेवाशात आज 'मराठी शाळा' हे शब्द नाक मुरडून उच्चारले जातात. पैस खांबाला दरवर्षी लोटांगण घालणारी मंडळीही त्यात आहेत.

आता जे खरोखर पणाला लागले आहे ते सांगतो. पट कमी झाला की शाळाच उरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव सरकारने मागविले. १५ मार्च २०२४ रोजी संचमान्यतेचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांतली शिक्षकांची पदे धोक्यात आली. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असा कायद्याचा हिशेब आहे. म्हणजे आपल्यासारख्या शाळेत दोन मास्तरांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, खिचडीचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची आणि निवडणूक आली की तिकडे पळायचे. त्यातला एक मास्तर गेला तर काय उरेल हे तुम्हीच पाहा. शाळा दुसऱ्या गावी गेली तर गाडीवाल्याचा मुलगा अडत नाही, तो आधीच दुसऱ्या गावी जातो. वस्तीवरची सहा वर्षांची पोर मात्र ओढा ओलांडून तीन मैल चालत जाणार नाही. ती घरी राहील, आणि तीन वर्षांनी फडावर दिसेल. तेव्हा 'शाळेची गुणवत्ता का घसरली?' हा प्रश्न पिवळ्या गाडीतून उतरून विचारणाऱ्याला नुसता सोपा वाटतो. त्याच्या उत्तरावर त्याचे काही जायचे नाही.

सबब आमची सभेला विनंती आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत शेकडा पंचाहत्तर सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्या समितीत त्या स्त्रिया आहेत, पण सह्या त्यांचे नवरे करतात असे पुष्कळ गावांत चालते. येथे तसे चालू देऊ नका. समितीने दर महिन्याला निकालपत्रक मागावे, अवश्य मागावे, पण त्याबरोबर हजेरीपटही मागावा. मूल जूनमध्ये किती वाचत होते आणि आज किती वाचते, हे त्या मुलाच्या नावापुढे लिहिलेले पाहावे. शेजारच्या मुलाशी ताडून पाहू नये. कोणत्या वस्तीची मुले जास्त गैरहजर आहेत ते मोजावे. भिल्लवस्तीची मुले सोमवारी येत नसतील तर सोमवारी तेथे काय असते, हे बाजाराला जाणाऱ्या बाईलाच विचारावे. मास्तराला ठाऊक नसते. ज्या मुलाची शंभर दिवस हजेरी भरूनही त्याला वाचता येत नाही त्याच्याबद्दल आम्हाला खुशाल धरावे. तेथे आमची सबब ऐकू नये. ज्याची हजेरी चाळीस दिवस आहे त्याच्याबद्दल मात्र आधी त्याच्या घरी जावे, आणि जाताना आम्हाला बरोबर घ्यावे.

आणि गावातून कामासाठी बाहेर जाणारी कुटुंबे आहेत त्यांची यादी दसऱ्याआधीच करावी. आजी गावात असेल तर मूल तिच्यापाशी ठेवता येते. त्याच्या दोन वेळच्या भाकरीचे काय, हा प्रश्न गावाने सोडवावा, तो काही पंचवार्षिक योजनेचा प्रश्न नव्हे. जी मुले जातीलच त्यांची हमी कार्डे आम्ही आठवड्याच्या आत भरून देतो. मुकादमाचे नाव आणि कारखाना त्यावर लिहू, म्हणजे तेथल्या शाळेला शोधता येईल.

येणाऱ्यांसाठीही तसेच. ओढ्याच्या पलीकडे दरवर्षी टोळ्या उतरतात ती जागा सर्वांना माहीत आहे. कोप्या पडल्या की दुसऱ्या दिवशी सायंकाळी, माणसे फडावरून परतल्यावर, समितीतल्या दोन बायका आणि आमच्यापैकी एक मास्तर रजिस्टर घेऊन तेथे जाईल. सकाळी गेलो तर म्हाताऱ्या आणि तान्ही पोरे तेवढी भेटतात, हे लक्षात ठेवावे. नावे तेथेच लिहून घेऊ. दप्तर, पाट्या आमच्याकडे आहेत. थंडीचे दिवस असतात, ज्यांच्या घरी लहान मुलांचे जुने स्वेटर पडून असतील त्यांनी शाळेत आणून द्यावे. कडेवर भावंड घेऊन येणाऱ्या मुलीला भावंडासकट वर्गात बसू देऊ, त्याबद्दल कोणी तक्रार आणू नये. अंगणवाडीच्या बाईंशी आमचे बोलणे झाले आहे, तान्ही मुले त्या दुपारपर्यंत सांभाळतील.

रजिस्टर व हजेरीपट दोन्ही ह्या टेबलावर आणून ठेवली आहेत. सभा संपल्यावर ज्यांना पाहायची असतील त्यांनी पाहावीत; आम्ही दिवे जाईपर्यंत येथेच आहोत.